बंद खाणींच्या सफाईसाठी भूजल मॉडेल: कामाचा क्रम आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

जुन्या खाणपट्ट्यांची भूजल मॉडेले, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठून कुठे जाते याची संगणकावरची नक्कल, गणितात क्वचितच चुकतात. ती चुकतात त्याच्या बरीच आधी. खाणीचे नकाशे नीट न बघता, झऱ्यांचे प्रवाह न मोजता आणि सफाईचा नेमका कोणता निर्णय घ्यायचा आहे हे न ठरवताच सॉफ्टवेअर उघडले जाते. काही महिन्यांनी रंगीत नकाशे तयार होतात, विहिरींच्या पातळ्या सुरेख जुळतात. पण बोगद्याला बूच मारावे की मारू नये, या सरळ प्रश्नाला त्या मॉडेलकडे उत्तर नसते.

खालचा क्रम धातूंच्या भूमिगत खाणी डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. कोळशाच्या खाणींनाही त्यातला बराच भाग लागू पडतो. वाचकाला भूजलशास्त्राची तोंडओळख आहे असे धरले आहे. यातल्या पहिल्या चार पायऱ्यांत संगणकाची फारशी गरज नाही, आणि निम्म्याहून अधिक काम त्यांतच आहे.

## १. निर्णय एका वाक्यात लिहा

"प्रदूषण कुठवर पसरले ते समजून घेणे" हा मॉडेलचा प्रश्न नाही. ते काम नमुने घेऊन होते. मॉडेलचा प्रश्न असा असतो: "बोगद्यातून येणाऱ्या पाण्यावर कायम प्रक्रिया करायची, की डोंगराच्या वरच्या अंगाने खाणीत शिरणारे स्वच्छ पाणी आधीच वळवायचे?" किंवा, "टेलिंगचा (धातू काढून उरलेल्या गाळाचा) ढीग झाकला तर नदीतले जस्त किती उतरेल, आणि किती वर्षांनी?"

हे दोन्ही प्रश्न सारखे दिसले तरी त्यांना लागणारी मॉडेले वेगळी आहेत. पहिल्याला चांगला पाण्याचा ताळेबंद आणि साधे प्रवाह-मॉडेल बहुधा पुरते. दुसऱ्यात ढिगाच्या अर्धवट ओल्या थरातून पाणी खाली यायला लागणारा वेळ, धातूंचे मातीला चिकटणे आणि नदीपर्यंतचा प्रवास हे सगळे आले. प्रश्न न लिहिता सुरुवात केली की दोन्हींसाठी अर्धवट असे एकच मॉडेल तयार होते.

तपासा: उत्तर काहीही आले तरी तेच काम होणार असेल, तर मॉडेल करू नका. तो पैसा प्रवाहमापनात घाला.

## २. खाण कागदावर उभी करा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे, म्हणून घाईत उरकली जाते, आणि पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. साध्या खडकात पाणी कुठे वळेल ते खडक ठरवतो. खाणीच्या डोंगरात ते माणसाने पाडलेल्या पोकळ्या ठरवतात. एक विसरलेला आडवा बोगदा अख्ख्या डोंगराची जलपातळी धरून ठेवतो.

जुन्या नकाशांत तीन सापळे असतात. पहिला एककांचा. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या खाणींत खोली फॅदममध्ये मोजत, आणि तीही बऱ्याचदा जमिनीपासून नव्हे, तर पाणी बाहेर काढणाऱ्या बोगद्याच्या पातळीपासून. १ फॅदम म्हणजे ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. "१०० फॅदमची पातळी" जमिनीपासून १८३ मीटर खोल धरली, की पूर्ण मॉडेल उभ्या दिशेने सरकते. दुसरा सापळा संदर्भबिंदूचा: प्रत्येक खाणीचे स्वतःचे शून्य आणि स्वतःची उत्तर दिशा. तिसरा कागदाचा: तो आकसतो, ताणतो, आणि नक्कल करताना त्यात नवी चूक शिरते.

म्हणून नकाशा आजच्या भूनिर्देशांकांवर बसवताना जमिनीवर आजही सापडणाऱ्या चार तरी खुणा घ्या, जसे शाफ्टची (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरांची) तोंडे, बोगद्यांची तोंडे किंवा सीमेचे दगड. बसवल्यावर प्रत्येक खुणेशी किती मीटरचा फरक राहिला ते लिहून ठेवा. पुढे एखादी निरीक्षण विहीर पोकळीऐवजी अखंड खडकात उतरली, तर कारण याच आकड्यात सापडेल.

नकाशाबरोबर हेही जमवा:

- कोणत्या पातळ्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, कुठे भराव टाकला, कुठे छत ढासळले
- खाण चालू असताना रोज किती पाणी उपसत होते
- पंप बंद झाल्यानंतर पाणी कोणत्या तारखेला कुठवर चढले

उपशाच्या नोंदी म्हणजे खजिना आहे. कोणतीही आधुनिक पंपचाचणी डोंगराच्या इतक्या मोठ्या भागाची, इतकी वर्षे परीक्षा घेऊ शकत नाही. त्या जमाखर्चाच्या वह्यांत, वीजबिलांत, पंपांच्या दुरुस्तीच्या नोंदींतही सापडतात. आत काम केलेली माणसे हयात असतील तर आधी त्यांना भेटा. शेवटच्या नकाशानंतर कुठे खोदले हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.

सावधान: मोजमापासाठी जुन्या बोगद्यात शिरू नका, आणि ढासळलेले तोंड उकरू नका. ढिगाऱ्यामागे पाणी साठलेले असू शकते. ५ ऑगस्ट २०१५ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी खोदकाम चालू असताना सुमारे १.१ कोटी लिटर आम्लधर्मी पाणी फुटून अ‍ॅनिमस नदीच्या खोऱ्यात गेले. मागे किती दाब आहे हे वरून बोअर घेऊन आधी मोजलेले नव्हते. तोंडाला हात लावण्यापूर्वी दाब मोजा.

## ३. पातळीइतकाच प्रवाह मोजा

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे फक्त तीव्रता बघणे. प्रयोगशाळेच्या अहवालात ज्या झऱ्याचा आकडा लाल रंगात येतो, त्याच्याकडे सगळे धावतात. नदीला मात्र भार कळतो: प्रवाह गुणिले तीव्रता.

एक बोगदा सेकंदाला २ लिटर पाणी सोडतो, त्यात जस्त लिटरला ३० मिलिग्रॅम. दिवसाचा भार सुमारे ५.२ किलो. खाली नदीकाठच्या वाळूतून सेकंदाला २० लिटर पाझरते, त्यात जस्त लिटरला फक्त ६ मिलिग्रॅम. दिवसाचा भार १०.४ किलो. पहिल्यावर प्रक्रिया केंद्र बांधले आणि दुसऱ्याकडे बघितलेच नाही, तर नदीतले दोन तृतीयांश जस्त जसेच्या तसे राहील.

नदीचे सगळे बिंदू, उपनद्या आणि झरे एकाच दिवशी, वाहते पाणी स्थिर असताना मोजा. दोन बिंदूंमधला भार वाढला आणि मध्ये दिसणारा झरा नाही, तर तिथे भूजल आत येते आहे. मॉडेलला हीच माहिती हवी असते. दगडगोट्यांच्या ओढ्यात पाण्याचा मोठा भाग तळाच्या गोट्यांमधून जातो आणि प्रवाहमापकाला तो दिसत नाही. तिथे मीठ किंवा ब्रोमाइड ठरलेल्या वेगाने सोडून ते खाली किती पातळ झाले यावरून प्रवाह काढा. हे सगळे कमी पाण्याच्या काळात एकदा आणि जास्त पाण्याच्या काळात एकदा करा. फक्त कोरड्या दिवसांच्या मोजणीवर कॅलिब्रेट केलेले (मोजलेल्या आकड्यांशी जुळवलेले) मॉडेल पुराच्या दिवशीचा भार नेहमी कमी सांगते.

विहिरींबाबत दोन गोष्टी. पूर्ण उंचीची उघडी बोअर वेगवेगळ्या थरांचे पाणी मिसळते आणि स्वतःच प्रदूषणाला खाली जायला वाट देते. त्यापेक्षा एका जागी वेगवेगळ्या खोलीवर छोट्या स्क्रीनच्या (पाणी आत घेणाऱ्या जाळीदार नळीच्या) दोन-तीन विहिरी घ्या. आणि बुडालेल्या शाफ्टमध्ये पाण्याचे थर लागतात: वर तुलनेने स्वच्छ, खाली जड आणि धातूंनी भरलेले, मधली सीमा कधीकधी अगदी धारदार. म्हणून पंप लावण्याआधी विद्युतवाहकतेचा मापक वरून खाली सोडून नोंद घ्या. एकदा पंप चालला की ते थर मोडतात.

नमुन्यांचे नियम थोडक्यात: पीएच, विद्युतवाहकता, तापमान, विरघळलेला प्राणवायू आणि क्षारता जागेवरच मोजा. विरघळलेल्या धातूंचा नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून लगेच नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा, नाहीतर लोह बाटलीतच साका धरते आणि सोबत आर्सेनिक, शिसे घेऊन बसते. न गाळलेला नमुनाही घ्या. नदीत बरेच धातू कणांबरोबर वाहतात.

तपासा: प्रत्येक विश्लेषणात धन आणि ऋण आयनांचा हिशेब साधारण ५ टक्क्यांत जुळतो का? जुळत नसेल तर तो आकडा मॉडेलपर्यंत जाऊ देऊ नका. खूप आम्लधर्मी पाण्यात मात्र लोह कोणत्या रूपात आहे यावर हा हिशेब हलतो, ते धरून तपासा.

## ४. संकल्पनाचित्र, ताळेबंद आणि हाताने केलेले गणित

एका कागदावर डोंगराचा उभा छेद काढा. पाणी कुठून शिरते, कुठून बाहेर पडते, प्रत्येक बाणाशेजारी आकडा. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी जुळत नसेल, तर जो बाण काढायचा राहिला तो शोधा. पाणलोटाची रेषा म्हणजे भूजलाची सीमा, हे इथे गृहीत धरू नका. बोगदे डोंगराच्या धारेखालून पलीकडे जातात आणि शेजारच्या खोऱ्याचे पाणी इकडे आणतात.

मग प्रदूषणाचे स्रोत वेगळे करा. पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा आणि पाणी दोन्ही मिळतात तिथे आम्ल सतत तयार होत राहते. हा एक स्रोत. भिंतींवर आधीच साठलेले विरघळणारे क्षार हा दुसरा. खाण बुडाली की पहिला बऱ्यापैकी थांबतो, कारण पाण्यात प्राणवायू लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतो. पण त्याच वेळी दुसरा एकदम सुटतो. त्यामुळे पाणी भरल्यानंतरचा पहिला लोंढा सर्वांत वाईट असतो आणि पुढे उतरत जातो. कॉर्नवॉलची व्हील जेन खाण १९९१ मध्ये बंद झाली, पंप थांबले, आणि जानेवारी १९९२ मध्ये नँजाइल्स बोगद्यातून पाणी फुटून कार्नन नदी गेरूसारखी रंगली. ब्रिटनमधल्या अनेक खाणींच्या अनुभवावरून हा लोंढा उतरायला, खाण भरायला लागलेल्या काळाच्या साधारण चौपट काळ लागतो, असा ढोबळ अंदाज वापरला जातो.

यातून होणारी चूक नेहमीची आहे: पहिल्या दोन वर्षांची तीव्रता घेऊन ती पन्नास वर्षे तशीच चालवणे. प्रक्रिया केंद्र गरजेच्या कितीतरी पट मोठे होते. उलट, जलपातळीच्या वर हवेशीर राहणाऱ्या पोकळ्यांतून येणारा भार मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि तो उतरेल असे धरणे तितकेच महागात पडते.

आता हाताने गणित. पारगम्यता (पाणी खडकातून किती सहज जाते ते) दिवसाला १० मीटर, जलपातळीचा उतार ०.००५, परिणामी सच्छिद्रता (पाणी खरोखर वाहते तेवढ्या पोकळ जागेचा वाटा) ०.२: पाणी दिवसाला ०.२५ मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ९१ मीटर सरकते. मातीची घनता लिटरला १.७ किलो आणि धातूचा विभागणी-गुणांक (तो मातीला किती चिकटतो याचा आकडा) किलोला २ लिटर धरला, तर धातू पाण्याच्या १८ पट हळू, म्हणजे वर्षाला ५ मीटर. याच पाण्याला पोकळ बोगदा सापडला तर तेच अंतर तासांत संपते. भेगाळ खडकात परिणामी सच्छिद्रता ०.०१ किंवा त्याहून कमी असू शकते. तिथे एकूण सच्छिद्रता वापरली की प्रवासाचा काळ कित्येक पट जास्त दिसतो.

तपासा: संकल्पनाचित्र एकच आहे का? दोन तरी हवीत. मधला भ्रंश (खडक सरकून पडलेली भेग) पाणी अडवतो असे एक, तो पाणी वाहून नेतो असे दुसरे. कोणत्या मोजणीने यातले एक खोडता येईल ते लिहा आणि शक्य असेल तर ती मोजणी आत्ताच करा.

## ५. साधन निवडा आणि जाळी आखा

खाण किती दिवसांत भरेल एवढेच हवे असेल, तर जोडलेल्या टाक्यांचे साधे मॉडेल पुरते: प्रत्येक खाण एक टाकी, जोडणारे बोगदे म्हणजे नळ्या. नदीपर्यंतचा प्रवाह हवा असेल तर अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे मोफत मिळणारे मॉडफ्लो हे सॉफ्टवेअर, आणि प्रदूषणाच्या वाहतुकीसाठी त्याच्याबरोबर एमटी३डीएमएस किंवा मॉडफ्लो ६ मधला वाहतुकीचा भाग.

पोकळ्या कशा दाखवायच्या, यावर खूप घोळ होतो. प्रचंड पारगम्यतेचे सेल (मॉडेलच्या जाळीतले चौकोन) टाकणे ही प्रचलित पळवाट आहे. पातळ्यांसाठी ती चालते. प्रवासाच्या काळासाठी चालत नाही, कारण रुंद बोगद्यातला प्रवाह खळाळता असतो आणि खडकातल्या संथ प्रवाहाचा डार्सीचा नियम तिथे लागू होत नाही. काळ महत्त्वाचा असेल तर नळीतल्या प्रवाहाची सोय असलेले मॉडेल घ्या.

वाहता बोगदा 'ड्रेन' म्हणून टाकता येतो: उंची तळाची, वहनाचा गुणांक मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून. पण ड्रेन पाणी फक्त बाहेर काढतो. बूच मारल्यावर बोगद्यात चढलेले पाणी परत खडकात कसे शिरेल, हे तो दाखवूच शकत नाही. बुचाचा पर्याय तपासायचा असेल, तर बोगदा सुरुवातीपासून दुतर्फा देवाणघेवाण करणारा ठेवा.

स्थिर पातळीची सीमा खाणीजवळ आणू नका. ती न संपणारे पाणी पुरवते आणि प्रत्येक पर्याय यशस्वी दाखवते. वाहतुकीच्या मॉडेलमध्ये सेलची लांबी विखुरण-लांबीच्या (प्रदूषण वाटेत किती पसरते याच्या मापाच्या) दुपटीपेक्षा जास्त नको, आणि एका कालपावलात पाणी एका सेलहून पुढे जायला नको. नाहीतर जे पसरलेले दिसते ते गणिताने पसरवलेले असते.

## ६. कॅलिब्रेशन: पातळ्या जुळल्या म्हणजे जुळले नाही

पुनर्भरण (जमिनीत मुरणारे पाणी) दुप्पट करा, पारगम्यता दुप्पट करा. साध्या स्थिर मॉडेलमध्ये पातळ्या जशाच्या तशा राहतात. वाहणारे पाणी मात्र दुप्पट होते, आणि धातूंचा भारही. म्हणजे फक्त पातळ्यांवर जुळवलेल्या मॉडेलचा भाराचा अंदाज निम्मा असू शकतो किंवा दुप्पट, आणि आलेख तरीही देखणा असतो. तिसऱ्या पायरीतले प्रवाह याचसाठी मोजले. बोगद्यांचा प्रवाह आणि नदीत वाढलेले पाणी यांना कॅलिब्रेशनमध्ये ठळक वजन द्या.

त्यानंतर इतिहास चालवा: खाण चालू असतानाचा उपसा, मग पंप बंद, मग पाणी चढण्याचा वक्र. हा वक्र जिथे मंदावतो तिथे मोठी पोकळी भरत असते. ती उंची नकाशातल्या पातळीशी जुळली, तर दुसऱ्या पायरीचे काम बरोबर झाले.

एकेका विहिरीभोवती पारगम्यतेचे ठिपके उमटवून फरक शून्य करू नका. मोजलेल्या आणि काढलेल्या पातळ्यांमधला फरक नकाशावर मांडा. एकाच बाजूला सगळे फरक धन येत असतील, तर चूक आकड्यांत नाही, संकल्पनाचित्रात आहे. चौथ्या पायरीवर परत जा.

तपासा: ताळेबंदातली चूक प्रत्येक कालपावलाला १ टक्क्याच्या आत आहे का?

## ७. रसायन शेवटी, पण टाळू नका

आधी सल्फेट चालवा. ते मातीला फारसे चिकटत नाही, त्यामुळे पाण्याची वाट बरोबर आहे का ते कळते. सल्फेट जिप्सम होऊन साका धरत असेल तर मात्र त्यावर विसंबू नका. सल्फेट जुळल्यावरच धातूंकडे वळा.

एकच विभागणी-गुणांक सगळीकडे वापरणे तिथे फसते जिथे पीएच बदलतो, आणि सफाई म्हणजे बहुतेक वेळा पीएच बदलणेच. पीएच उदासीन पातळीकडे चढला की जस्त, कॅडमियम, शिसे लोहाच्या ऑक्साइडांना धरून बसतात. आर्सेनिकचे उलट: पीएच फार चढला की ते त्या ऑक्साइडांवरून सुटते. ढिगावर सेंद्रिय आच्छादन टाकून खालचा प्राणवायू संपवला, तर ऑक्साइडच विरघळतात आणि त्यांनी धरलेले आर्सेनिक पाण्यात येते. जस्तासाठी केलेला उपाय आर्सेनिकचा झरा उघडू शकतो. अशा जागी फ्रीक (PHREEQC) सारख्या भूरसायन प्रणालीशिवाय पर्याय तपासला असे म्हणू नका.

## ८. पर्याय चालवा, मग ते पाडायचा प्रयत्न करा

सुरुवात "काहीच न करणे" या पर्यायापासून. बाकी सगळ्यांची तुलना त्याच्याशी. प्रत्येक पर्यायासाठी तीनच गोष्टी नोंदवा: नदीच्या ठरलेल्या बिंदूवर भार किती उतरला, तो दिसायला किती वर्षे लागली, आणि सर्वांत ओल्या वर्षात काय झाले.

माझे मत स्पष्ट आहे: वरचे स्वच्छ पाणी वळवण्याचा पर्याय आधी चालवा. तो दिसायला साधा आहे, म्हणून यादीत शेवटी ढकलला जातो. पण खाणीत न शिरलेल्या पाण्यावर प्रक्रिया करावी लागत नाही.

बुचाच्या पर्यायात एकच प्रश्न: पाणी आता कुठून बाहेर येईल? मॉडेलमध्ये प्रत्येक उंचीवरचा बोगदा, झरा, उघडी भेग, शेजारची खाण असायला हवी. न टाकलेल्या वाटेने पाणी मॉडेलमध्ये येत नाही, डोंगरात येते. पातळी धरून ठेवण्याचा पर्याय असेल तर मर्यादा समुद्रसपाटीपासूनच्या आकड्यात लिहा. अमेरिकेतल्या मोंटानामधील बर्कली पिट या तांब्याच्या उघड्या खाणीत १९८२ मध्ये उपसा थांबला आणि पाणी चढत राहिले. तिथे ५,४१० फूट ही लक्ष्मणरेषा ठरवली गेली, आणि ती गाठण्याआधीच २०१९ मध्ये उपसा व प्रक्रिया सुरू झाली.

मग अनिश्चितता. पेस्ट (PEST) या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरसारख्या साधनाने मोजण्यांशी सारखेच जुळणारे अनेक मूल्यसंच तयार करा आणि प्रत्येक पर्याय त्या सगळ्यांवर चालवा. त्यापुढे जाऊन, निवडलेला पर्याय ज्यात फसतो असा संच मुद्दाम शोधा. तो संच मोजलेल्या पातळ्या आणि प्रवाह यांच्याशी जुळत असेल, तर तो धोका खरा आहे, आणि त्याला खोडणारी पुढची विहीर कुठे घ्यायची हेही तोच सांगतो.

## ९. काम सुरू होण्यापूर्वी भाकीत लिहून द्या

विहिरीनिहाय, महिन्यानिहाय: बूच मारल्यावर कोणत्या विहिरीत पाणी किती चढेल, कोणत्या झऱ्याचा प्रवाह किती वाढेल. कागदावर तारीख घाला. सोबत मॉडेलच्या मूळ फायली, वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि उंचीचा संदर्भ द्या. पाच वर्षांनी दुसऱ्या माणसाला ते पुन्हा चालवता आले पाहिजे.

बुचात झडप ठेवा आणि ती टप्प्याटप्प्याने बंद करा. प्रत्येक टप्प्यावर थांबून मोजा. भाकितापेक्षा पाणी लवकर चढले, किंवा ज्या उतारावर मॉडेलने पाझर दाखवला नव्हता तिथे ओल दिसली, तर झडप मागच्या टप्प्यावर आणा आणि नवे आकडे घेऊन सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. झडप उघडल्यावर येणारे पाणी सामावेल एवढी प्रक्रियेची सोय पहिल्या दिवसापासून तयार असू द्या.